मणक्याच्या ऑपरेशननंतर लघवी अडकू नये म्हणून: कोणती गोळी सुरू करायची आणि कोणत्या थांबवायच्या

मणक्याचं ऑपरेशन ठरलं की घरचे लोक डॉक्टरांना भंडावून सोडतात. स्क्रू किती टाकणार, पट्टा किती दिवस, जिना कधी चढायचा. लघवीचा विषय सहसा कोणी काढत नाही. ऑपरेशनच्या संध्याकाळी मात्र वॉर्डात त्याच विषयावरून पळापळ होते: पोट फुगलंय, कळ येतेय, लघवी होत नाही. मग लघवीची नळी टाकली जाते, एका दिवसात घरी जाणारा माणूस आणखी दोन दिवस राहतो आणि नातेवाईक वैतागतात.

हे बऱ्याचदा टाळता येतं आणि त्यात औषधांचा वाटा मोठा आहे. मात्र औषधाने टाळायचं म्हणजे प्रोस्टेटची एक गोळी वाढवायची, एवढाच अर्थ घेतला जातो तो अपुरा आहे. माझ्या मते एक गोळी वाढवण्याइतकंच, किंबहुना जास्त, महत्त्व चार गोळ्या कमी करण्याला आहे. खाली दिलेलं सगळं तुमच्या सर्जनशी आणि भूलतज्ज्ञांशी बोलण्यासाठी आहे. चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून काही आणून सुरू करू नका, चालू असलेलं काही स्वतःहून बंदही करू नका.

आधी थोडं समजून घ्या: लघवी अडकते का?

लघवी व्हायला दोन गोष्टी एकाच वेळी घडाव्या लागतात. मूत्राशयाचा स्नायू आवळला पाहिजे आणि त्याचं खालचं तोंड सैल पडलं पाहिजे. आवळण्याचा आदेश पाठीच्या कण्याच्या अगदी खालच्या टोकाकडून, एस-२ ते एस-४ या नसांमधून येतो. तोंड घट्ट धरून ठेवण्याचं काम मूत्राशयाच्या मानेतले आणि प्रोस्टेटमधले अल्फा-१ रिसेप्टर (अ‍ॅड्रिनॅलिनचा संदेश घेणाऱ्या जागा) करतात. दुखणं, भीती, ताण वाढला की शरीरातलं अ‍ॅड्रिनॅलिन वाढतं आणि ते तोंड आणखी आवळतं.

ऑपरेशनच्या दिवशी या दोन्ही बाजूंवर एकदम मारा होतो. मॉर्फिन, फेन्टॅनिल, ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकं मूत्राशय भरल्याची जाणीवच बोथट करतात. भुलीत वापरली जाणारी काही औषधं स्नायूचं आवळणं कमी करतात. सलाइन चालू असतं, त्यामुळे लघवी भराभर तयार होत राहते. मूत्राशयाची क्षमता साधारण ४०० ते ६०० मि.ली. असते. त्यापलीकडे ते बराच वेळ ताणलेलं राहिलं तर स्नायू दमतो, आणि मग भुलीचा असर पूर्ण उतरल्यावरही नीट आवळत नाही. म्हणून ‘होईल हळूहळू’ म्हणत रात्रभर वाट पाहणं महागात पडतं.

पायरी १: ऑपरेशनच्या दोन-तीन आठवडे आधी आपला धोका ओळखा

वय पन्नाशीच्या पुढे, पुरुष, प्रोस्टेट वाढलेलं, जुना मधुमेह, पूर्वी कोणत्याही ऑपरेशननंतर लघवी अडकलेली, कमरेच्या मणक्याचं लांबलचक किंवा अनेक पातळ्यांवरचं ऑपरेशन: यातलं जितकं तुम्हाला लागू होतं तितका धोका जास्त. बायकांना हा त्रास होत नाही असं नाही. पण पुरुषांचा विचार आधी होतो, आणि बायकांचा अनेकदा होतच नाही.

पन्नाशीच्या पुढच्या पुरुषांनी आयपीएसएस नावाची सात प्रश्नांची यादी भरून घ्यावी. धार बारीक आहे का, जोर लावावा लागतो का, रात्री किती वेळा उठावं लागतं, असे साधे प्रश्न आहेत. एकूण गुण ० ते ३५. ७ पर्यंत त्रास सौम्य, ८ ते १९ मध्यम, २० च्या पुढे तीव्र. उत्तरं देताना खरं बोला. मुंबईत लोकलमध्ये स्वच्छतागृह नसतं. विरार किंवा कर्जतहून वर्षानुवर्षं ये-जा करणाऱ्यांना लघवी तासन् तास धरून ठेवायची इतकी सवय असते की मंदावलेली धार त्यांना त्रास वाटतच नाही. ‘वयानुसार होतं’ म्हणून ते पुढे सरकतात.

गुण मध्यम किंवा जास्त आले, तर पोटाची सोनोग्राफी करताना लघवी करून आल्यावर किती शिल्लक राहते तेही मोजायला सांगा. फॉर्मवर ‘पीव्हीआर’ लिहिलेलं असलं की सेंटरवाल्यांना कळतं. ५० मि.ली.च्या आत असेल तर काळजी नाही. २०० च्या वर असेल तर ऑपरेशनआधी यूरॉलॉजिस्टला दाखवलेलं बरं. मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे या सरकारी-पालिका हॉस्पिटलांत यूरॉलॉजीचे स्वतंत्र विभाग आहेत. खासगीत ऑपरेशन असलं तरी ओपीडीत दाखवता येतं, फक्त सकाळी लवकर रांगेत उभं राहायची तयारी ठेवा.

याच वेळी एक गोष्ट फाइलमध्ये लिहून घ्या: ऑपरेशनआधी लघवी-संडास नीट होत होतं का, आणि मांड्यांच्या मध्ये, बसायच्या जागेवर स्पर्श नीट कळत होता का. ही नोंद पुढे फार कामाला येते, कशी ते पायरी ६ मध्ये.

पायरी २: औषधांची पिशवी उघडा

घरातली सगळी औषधं एका पिशवीत भरून फिटनेसला, म्हणजे भुलीआधीच्या तपासणीला जा. सगळी म्हणजे सगळी: कपाटातली, पर्समधली, शेजारच्या काकूंनी दिलेली. नावं पाठ म्हणून दाखवण्यापेक्षा स्ट्रिप दाखवा, कारण खरी गोम तिथेच सापडते.

मणक्याच्या पेशंटच्या पिशवीत हमखास निघते ती प्रीगॅबालिन आणि नॉर्ट्रिप्टिलिन एकत्र असलेली गोळी. पायात मुंग्या, कळा येतात म्हणून ती महिनोन् महिने चालू असते. त्यातलं नॉर्ट्रिप्टिलिन (आणि त्याचं भावंड अ‍ॅमिट्रिप्टिलिन) मूत्राशयाचं आवळणं कमी करतं. ती गोळी अचानक बंद करायची नसते, पण मात्रा कमी करायची का, फक्त प्रीगॅबालिनवर आणायचं का, हे डॉक्टर आधीपासून ठरवू शकतात. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कळलं तर काही करता येत नाही.

दुसरी सर्दीची गोळी. बाजारातल्या बहुतेक सर्दीच्या गोळ्यांत क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन असतं. पहिलं स्नायू ढिला पाडतं, दुसरं तोंड आवळतं. म्हणजे लघवी अडकवायची दोन्ही कामं एकाच गोळीत. पावसाळ्यात ऑपरेशन असेल आणि नाक गळू लागलं तर स्वतःहून ही गोळी घेऊ नका, सर्जनना फोन करा.

तिसरी पोटदुखीची: मेफ्टाल स्पास, सायक्लोपाम. यांतलं डायसायक्लोमिन, तसंच बस्कोपॅनमधलं हायोसिन, आतड्याबरोबर मूत्राशयालाही सुस्त करतं. कंपवाताच्या पेशंटची पॅसिटेन आणि वारंवार लघवी लागते म्हणून दिलेलं सॉलिफेनॅसिन किंवा ऑक्सिब्युटिनिन याच गटात येतात. शेवटच्या दोन्हींचं तर कामच लघवी रोखण्याचं आहे, तरी ऑपरेशननंतर ती तशीच चालू राहतात, कारण जुन्या यादीवरून नवी यादी उतरवली जाते.

वॉर्डातली एक साखळीही लक्षात ठेवा. मॉर्फिनच्या गटातल्या औषधाने अंगाला खाज सुटते. खाजेसाठी एविलचं इंजेक्शन दिलं जातं. एविल म्हणजे फेनिरामिन, तेही मूत्राशयाला सुस्त करणारं. संध्याकाळी लघवी अडकते आणि कोणालाच दुपारचं इंजेक्शन आठवत नाही. नातेवाइकाने इंजेक्शनांची वेळ आणि नाव एका कागदावर लिहीत जावं. सिस्टरला विचारलं तर ती सांगते.

पायरी ३: प्रोस्टेटची गोळी घ्यायची का?

टॅमसुलोसिन ०.४ मिलिग्रॅम हे यातलं सर्वांत वापरलं जाणारं औषध. आपल्याकडे युरिमॅक्स, वेल्टाम अशा नावांनी मिळतं. ते अल्फा-१ रिसेप्टर अडवतं आणि मूत्राशयाचं तोंड सैल करतं. याच गटात अल्फुझोसिन १० मिलिग्रॅम आणि सिलोडोसिन ८ मिलिग्रॅमही आहेत.

वेगवेगळ्या ऑपरेशनांचे अभ्यास एकत्र केले तर टॅमसुलोसिनने लघवी अडकण्याचं प्रमाण कमी होताना दिसतं. मणक्याच्या बाबतीत चित्र तितकं सरळ नाही. अमेरिकेत ५० ते ८५ वयाच्या पुरुषांना ऑपरेशनच्या पाच दिवस आधीपासून ही गोळी देऊन डबल-ब्लाइंड चाचणी झाली, म्हणजे कोणाला कोणती गोळी हे डॉक्टर-पेशंट दोघांनाही माहीत नव्हतं. तिच्यात गोळी घेणाऱ्यांना खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा कमी त्रास झाला, असं दिसलं नाही. मला याचं नवल वाटत नाही. ही गोळी तोंड उघडते, आवळण्याची ताकद देत नाही. वेदनाशामकांनी स्नायूच झोपवला असेल तर तोंड सताड उघडूनही उपयोग किती?

म्हणून सरसकट सगळ्यांना गोळी देण्यापेक्षा निवड करावी. प्रोस्टेटचा मध्यम-तीव्र त्रास असलेला, पूर्वी अडकलेला पुरुष: त्याच्यासाठी डॉक्टरांशी नक्की बोला. पस्तिशीचा, धार चांगली असलेला, एका डिस्कसाठी आलेला माणूस: त्याला सहसा गरज नाही. बायकांमध्ये हे औषध मूळ मान्य उपयोगाबाहेर दिलं जातं. कधी देतात, पण तो निर्णय पूर्णपणे डॉक्टरांचा.

घ्यायचं ठरलं तर हे पाळा.

आधीपासून सुरू करा. रक्तातली पातळी स्थिर व्हायला पाचवा दिवस उजाडतो, त्यामुळे ऑपरेशनच्या सकाळी घाईने दिलेल्या एका गोळीकडून फार अपेक्षा ठेवू नका. रोज एकाच जेवणानंतर अर्ध्या तासाने घ्या. रात्रीचं जेवण सोयीचं, कारण सुरुवातीच्या दिवसांत उभं राहताना चक्कर येऊ शकते. कॅप्सूल फोडू किंवा चावू नका.

नुसतं ‘युरिमॅक्स’ आणि ‘युरिमॅक्स डी’ या वेगळ्या गोष्टी आहेत. डी मध्ये ड्युटास्टेराइड असतं, त्याचा परिणाम दिसायला महिने लागतात, ऑपरेशनसाठी त्याचा उपयोग नाही. फुटलेल्या ड्युटास्टेराइडच्या कॅप्सूलला गरोदर बाईने हात लावू नये. मेडिकलवाल्याने ‘तेच आहे, घ्या’ म्हटलं तरी स्ट्रिपवरचं नाव चिठ्ठीशी ताडून पाहा.

ब्लड प्रेशरसाठी प्राझोसिन चालू असेल तर ते याच गटातलं आहे, दोन्ही मिळून प्रेशर फार उतरू शकतं. सिल्डेनाफिल किंवा टॅडालाफिल घेत असाल तर तेही सांगा. बायको-मुलांसमोर सांगायचा संकोच होतो, हे डॉक्टरांना ठाऊक असतं. एकट्याने दोन मिनिटं मागून घ्या. बुरशीसाठी कीटोकोनाझोलच्या गोळ्या चालू असतील तर टॅमसुलोसिनची रक्तातली पातळी वाढते. वीर्य बाहेर न येणं हा या गटाचा नेहमीचा परिणाम आहे, सिलोडोसिनने जास्त. गोळी थांबली की तो जातो, पण आधी माहीत नसेल तर तरुण माणूस हादरतो आणि मणक्याच्या ऑपरेशनला दोष देतो.

मोतीबिंदूचं ऑपरेशन यादीत असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना टॅमसुलोसिनबद्दल सांगायलाच हवं. या औषधाने बाहुलीभोवतीचा पडदा लुळा पडतो आणि ऑपरेशन अवघड होतं. गोळी थांबवून बरेच दिवस झाले तरी सांगा.

बेथॅनेकॉल हे औषध आवळण्याची ताकद वाढवण्यासाठी दिलं जातं. त्याचा पुरावा कमकुवत आहे, आणि दम्याच्या पेशंटला ते देऊ नये. प्रतिबंध म्हणून मी तरी त्याच्या भरवशावर राहणार नाही.

पायरी ४: भूलतज्ज्ञांना विचारायच्या तीन गोष्टी

फिटनेसच्या भेटीत प्रेशर, शुगर, ईसीजी यांतच वेळ जातो. तरी हे तीन प्रश्न विचारा.

भुलीतून बाहेर काढताना कोणतं औषध देणार? नेहमीच्या पद्धतीत निओस्टिग्मिनबरोबर ग्लायकोपायरोलेट देतात, आणि हे दुसरं मूत्राशयाला सुस्त करतं. सुगामाडेक्स वापरलं तर ते लागत नाही, आणि अनेक अभ्यासांत लघवी अडकण्याचं प्रमाण कमी दिसलं आहे. ते महाग आहे आणि प्रत्येक पेशंटला गरजेचं नाही. ज्याचा धोका जास्त त्याच्या बाबतीत मात्र हा खर्च मला पटतो.

दुखणं कमी करायला फक्त मॉर्फिनच्या गटावर राहणार का? सलाइनमधून पॅरासिटामॉल, जखमेच्या जागी सुन्न करणारं इंजेक्शन, किडनी आणि सर्जन दोघांना चालत असेल तर सूज कमी करणारी वेदनाशामकं, असं मिळून वापरलं तर मॉर्फिन कमी लागतं. दुखणं सोसून मॉर्फिन टाळायचं नाही, कारण दुखण्यानेही तोंड आवळतं.

सलाइन किती? ७५० मि.ली.पेक्षा जास्त द्रव गेलं तर धोका वाढतो. मोठ्या ऑपरेशनात रक्त जातं, तिथे द्रव द्यावंच लागतं. अशा वेळी आधीच नळी घातलेली असते. प्रश्न छोट्या, नळीविना होणाऱ्या ऑपरेशनांचा आहे.

पायरी ५: पहिले सहा-आठ तास

वॉर्डात आल्याची वेळ लिहून ठेवा. सहा तासांत लघवी झाली नाही तर सिस्टरला सांगा, आठ तास तर उलटूच देऊ नका. बिछान्यापाशी ब्लॅडर स्कॅनर असेल तर तो लावला जातो, नसेल तर सोनोग्राफी. ४०० ते ५०० मि.ली. साठलं असेल आणि होत नसेल, तर बहुतेक ठिकाणी एकदा नळी घालून रिकामं करतात आणि लगेच काढतात. अशी एकदाची नळी बघून घाबरू नका. दिवसेंदिवस राहणाऱ्या नळीत जंतुसंसर्गाचा धोका रोज ३ ते ७ टक्क्यांनी वाढतो, त्यापेक्षा ही बरी.

पुरुषांना आडवं पडून युरिन पॉटमध्ये लघवी करणं खरंच जमत नाही. डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर पट्टा बांधून, कुशीवर वळवून, आधी पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसवून मगच उभं करा. टॅमसुलोसिन, रक्तस्राव आणि वेदनाशामकं एकत्र आली की पहिल्यांदा उभं राहताना माणूस कोसळतो, आणि नव्याने बसवलेल्या स्क्रूवर तो धक्का नको. दोन माणसं दोन्ही बाजूंना असावीत. पडदा ओढा, भेटायला आलेल्यांना बाहेर काढा. वीस खाटांच्या वॉर्डात सगळ्यांसमोर लघवी होत नाही, यात लाजण्यासारखं काही नाही.

नातेवाइकांसाठी एक ठळक सूचना: लघवी अडकलेली असताना शहाळं, बार्लीचं पाणी, ताक पाजत सुटू नका. आत जागा नसताना भरती करण्यात काय अर्थ? लघवी वाढवणारं इंजेक्शन द्या, असा आग्रहही धरू नका. पोटावर दाब देऊ नका.

पायरी ६: हे औषधाने सुटणारं नाही, लगेच सांगा

मणक्याच्या ऑपरेशननंतरची अडकलेली लघवी प्रत्येक वेळी भुलीमुळेच असते असं नाही. क्वचित आत रक्त साठून नसांच्या जुडग्यावर दाब येतो. डॉक्टर याला कॉडा इक्विना सिंड्रोम म्हणतात. तिथे तासांचा हिशोब असतो. उशीर झाला तर लघवी-संडासावरचं नियंत्रण कायमचं जाऊ शकतं.

मांड्यांच्या मध्ये किंवा बसायच्या जागेवर बधिरपणा, पायातली ताकद वाढत्या प्रमाणात कमी होणं, दोन्ही पायांत एकदम कळा, संडास नकळत होणं: यांपैकी काहीही नवीन दिसलं तर राउंडची वाट पाहू नका. पोट टम्म असूनही पेशंटला काहीच जाणवत नाही, हेही चांगलं लक्षण नाही. वेदनाशामकांमुळेही जाणीव कमी होते, म्हणून अंदाज बांधण्यापेक्षा डॉक्टरांनी स्पर्श तपासावा आणि गरज वाटल्यास तातडीने एमआरआय करावा. पायरी १ मधली नोंद इथे लागते, कारण बधिरपणा नवा की जुना हे त्यावरून ठरतं.

अजून एक फसवं लक्षण: थेंब थेंब लघवी सतत गळत राहते आणि घरचे म्हणतात, ‘होतेय की.’ ते ओसंडणं असू शकतं. आत मूत्राशय काठोकाठ भरलेलं असतं.

पायरी ७: नळी काढताना आणि घरी गेल्यावर

नळी सकाळी काढायला सांगा. संध्याकाळपर्यंत झाली नाही तर डॉक्टर जागेवर असतात. रात्री काढलेली नळी पहाटे तीनला पुन्हा घालायची वेळ आणते. पहिल्यांदा नळी काढून जमलं नाही आणि नळीसह घरी पाठवलं, तर टॅमसुलोसिन किंवा अल्फुझोसिन चालू ठेवून काही दिवसांनी पुन्हा प्रयत्न करतात. प्रोस्टेट वाढलेल्यांना त्याचा फायदा होतो.

नळी असेल तेव्हा पिशवी मूत्राशयाच्या खालीच राहिली पाहिजे. टॅक्सीत मांडीवर घेऊ नका, घरी जमिनीवर टेकवू नका. या काळात पाणी भरपूर प्यायचं. थंडी वाजून ताप आला, लघवीत रक्ताच्या गाठी आल्या किंवा पिशवीत काहीच उतरत नसेल तर फोन करा.

बद्धकोष्ठ हे लघवी अडकण्याचं साधं आणि दुर्लक्षित कारण आहे. वेदनाशामक सुरू झालं त्याच दिवशी लॅक्टुलोज किंवा तत्सम औषध सुरू करायला सांगा. इसबगोल घेणार असाल तर पाणी भरपूर हवं, नाहीतर उलट अडकतं.

घराची तयारी आधी करून ठेवा. चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला असेल तर पहिले काही दिवस युरिन पॉट आणि कमोडची खुर्ची खोलीतच ठेवा. उकिडवं बसायला बहुतेक सर्जन मनाई करतात, आणि रात्री अंधारात चालायचा कंटाळा म्हणून लघवी धरून ठेवली की सगळी मेहनत वाया. पुरुषांनी सुरुवातीला बसूनच करावी.

घरी अडकली आणि बाहेर पाऊस कोसळतोय, हायवे तुंबलाय, तर ज्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं तिथेच जायचा हट्ट धरू नका. जवळच्या हॉस्पिटलात नळी घालून घ्या, मग सर्जनना फोन करा. सोबत पायरी ६ मधलं एकही लक्षण असेल तर मात्र एमआरआय आणि मणक्याचे सर्जन असलेल्या ठिकाणीच जा. १०८ ला फोन केला तर अ‍ॅम्ब्युलन्स मिळते.

डिस्चार्ज कार्डावर टॅमसुलोसिनपुढे नुसतं ‘चालू ठेवा’ लिहिलेलं असेल तर किती दिवस, हे तिथल्या तिथे विचारून तारीख लिहून घ्या. ऑपरेशनपुरती सुरू केलेली गोळी कोणी थांबवायची हे न ठरल्यामुळे माणसं ती वर्षानुवर्षं घेत राहतात. प्रोस्टेटचा त्रास आधीपासून असेल तर ती पुढे चालवायची का, हे यूरॉलॉजिस्ट ठरवतील. नसेल तर टाके काढायच्या भेटीत हा प्रश्न पहिला विचारा.